हंटिंग्टन आणि दिवसभर नुसतं बसून राहणं : मिथाइलफेनिडेट कुणी दिलंय का?

मागवाली | ३ जून, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर असते, आज आरोग्य विभागात आले आहे. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

ह्यांना (वय ४६) हंटिंग्टन आहे, म्हणजे मेंदू हळूहळू झिजवणारा आनुवंशिक आजार. निदान होऊन काही वर्षं झाली. रक्ततपासणीत सीएजीचे (जनुकातला एक तुकडा, ह्या आजारात तो गरजेपेक्षा जास्त वेळा येतो) ४४ रिपीट आले. सासऱ्यांनाही तेच असणार. ते पन्नाशीत गेले. चालताना झोकांड्या जायच्या, हात आपोआप उडायचे, आणि गावातले लोक म्हणायचे दारू पितो. दारूच्या थेंबाला शिवले नव्हते बिचारे. कुणी करणी म्हणे, कुणी अमावस्येला नारळ उतरवायला सांगे.

ह्यांच्या हालचाली टेट्राबेनाझिनने बऱ्याच आटोक्यात आहेत. माझी अडचण वेगळी आहे. हे नुसते बसून असतात. टीव्ही लावला तर बघतात, बंद केला तर बंद पडद्याकडे बघतात. ब्रशवर पेस्ट लावून हातात दिली की दात व्यवस्थित घासतात. नाही दिली तर ब्रश धरून बेसिनपुढे उभे. पंधरा मिनिटांनी मी जाऊन बघावं तर तसेच. ह्याच माणसाने बारा यंत्रमागांचा हिशेब तोंडी ठेवलेला आहे हो.

रडत नाहीत, चिडत नाहीत, "कंटाळा आला का" विचारलं तर "नाही". सासूबाई म्हणतात, तू लाडावून ठेवलंयस.

परवा सायकियाट्रिस्टनी सुचवलं की मिथाइलफेनिडेट अगदी लहान डोसमध्ये देऊन बघू. घरी येऊन वाचलं तर ते एडीएचडीच्या (लक्ष न लागणाऱ्या, चुळबुळ्या) मुलांना देतात म्हणे. उत्तेजक औषध. आधीच ज्याचे हातपाय स्वस्थ बसत नाहीत त्याला उत्तेजक? कुणाचा अनुभव आहे का? हंटिंग्टनचाच नसला तरी चालेल.

टवाळ_तात्या | ३ जून, रात्री ११:३२

ताई, टीव्हीपुढे बसून राहणं आणि "काय झालं" विचारल्यावर "काही नाही" म्हणणं हे जर लक्षण असेल तर माझी बायको उद्याच मला तपासायला नेईल.

(गंमत सोडा. धागा वर राहावा म्हणून लिहिलं. इथे जाणकार आहेत, येतीलच.)

मागवाली | ३ जून, रात्री ११:४०

तात्या, हसले. बऱ्याच दिवसांनी. तुमचे उपकार.

डॉ_निशिगंध | ४ जून, सकाळी ७:०५

मी मनोविकारतज्ज्ञ आहे, पण तुमच्या यजमानांना मी तपासलेलं नाही. त्यामुळे डोस वगैरे विचारू नका. सर्वसाधारण बोलते.

पहिलं म्हणजे हा आळस नाही, हे सासूबाईंना सांगा. हंटिंग्टनमध्ये मेंदूच्या आत खोलवर असलेला स्ट्रायाटम नावाचा भाग लवकर झिजतो. "आता उठायचं, हे करायचं" हा धक्का तिथून पुढच्या मेंदूला मिळत असतो. काम करायची कला शाबूत असते, सुरुवात होत नाही. तुमचं ब्रशचं उदाहरण मी विद्यार्थ्यांना सांगेन, इतकं नेमकं आहे.

दुसरं, उत्तेजकाबद्दलची तुमची शंका बरोबर आहे. टेट्राबेनाझिन चेतापेशींमधला डोपामिनचा (पेशीपेशींत निरोप पोचवणाऱ्या रसायनाचा) साठा कमी करतं, म्हणून हालचाली कमी होतात. मिथाइलफेनिडेट सुटलेलं डोपामिन परत आत ओढू देत नाही, म्हणजे त्याचा परिणाम वाढवतं. एकाच घरात एकजण नळ बंद करतोय आणि दुसरा गळती साठवतोय. तरीही काही वेळा दोन्ही दिली जातात, पण डोळ्यांत तेल घालून.

म्हणून उत्तेजकाच्या आधी एक प्रश्न : सध्या एकूण कोणकोणत्या गोळ्या चालू आहेत? सगळ्या लिहा, झोपेच्यासुद्धा.

मागवाली | ४ जून, दुपारी २:१८

टेट्राबेनाझिन २५ ची गोळी दिवसातून तीनदा. उदासीसाठी पॅरॉक्सेटिन, ही आमच्या आधीच्या डॉक्टरांनी सुरू केलेली, तीच चालू आहे. रात्री क्लोनाझेपाम अर्धी. मधे वजन उतरलं म्हणून ओलान्झापिन दिलं होतं, ते बंद केलं.

डॉ_निशिगंध | ४ जून, दुपारी ३:५०

ताई, ही यादी जशीच्या तशी कागदावर लिहा आणि तुमच्या दोन्ही डॉक्टरांपुढे एकत्र ठेवा. लवकर.

कारण असं. टेट्राबेनाझिन यकृतातल्या ज्या एन्झाइममुळे शरीराबाहेर जायला मदत होते, त्या एन्झाइमला (सीवायपी २डी६) पॅरॉक्सेटिन अडवून धरतं. म्हणजे गोळी ७५ मिग्रॅची, पण रक्तात त्याहून बराच जास्त परिणाम. फ्लुऑक्सेटिन ह्या उदासीवरच्या दुसऱ्या गोळीचंही तेच. अशा जोडीत टेट्राबेनाझिनची कमाल मर्यादा दिवसाला ५० मिग्रॅ धरतात. जास्त झालं की माणूस सुस्तावतो, ताठरतो, खिन्न होतो. त्यात क्लोनाझेपाम.

तुम्हाला दिसतंय त्यातलं किती आजाराचं आणि किती गोळ्यांचं हे आज कुणीच सांगू शकणार नाही. पण गोळ्यांचा वाटा आधी वजा करायला हवा, मग उत्तेजकाचं बघू. स्वतःहून एकही गोळी बंद करू नका. पॅरॉक्सेटिन एकदम सोडलं तर चक्कर, मळमळ, अंगातून वीज गेल्यासारखं होतं.

आणि टेट्राबेनाझिनवर नैराश्याचा आणि आत्महत्येच्या विचारांचा ठळक इशारा आहे. "बरं वाटत नाही का" ऐवजी "जगू नये असं वाटतं का" असं सरळ विचारा. विचारल्याने असे विचार डोक्यात येत नाहीत, तो गैरसमज आहे. रात्रीबेरात्री गरज पडली तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, मराठीतून बोलतात.

सिएटलकर | ४ जून, रात्री ९:२२

माझ्या मावसभावाला हंटिंग्टन आहे, तो इकडेच ओहायोत असतो. त्याला मिथाइलफेनिडेट दिलं होतं. अनुभव सांगतो, त्यावरून सगळ्यांचं तसंच होईल असं नाही.

सुरुवातीला वहिनी फोनवर आनंदाने रडली. हा स्वतःहून कुत्र्याला फिरवायला गेला. वर्षभर त्या कुत्र्याकडे ढुंकून बघितलं नव्हतं. पुढे काही आठवड्यांनी जेवण कमी झालं. हंटिंग्टनमध्ये वजन आधीच उतरत असतं, त्यात भूक मेली. मग चिडचिड. एकच विषय धरून बसायचा. गाडीची किल्ली मला का देत नाही, दिवसभर तेच. गाडी चालवणं डॉक्टरांनी केव्हाच बंद केलं होतं.

शेवटी औषध थांबवलं. कुत्रं पुन्हा वहिनीकडे. पण वहिनी म्हणते ते काही आठवडे मिळाले हेही काही कमी नाही. मला अजून ठरवता आलेलं नाही की ते बरं झालं की वाईट.

डॉलर_काका | ४ जून, रात्री १०:०१

मागवाली ताई, भारतात चांगल्या कंपनीचं मिळत नसेल तर सांगा. माझ्या मुलाचं अ‍ॅडरॉल उरलंय, जुलैत येतोय पुण्याला, घेऊन येतो. एकदम भारी औषध आहे.

केमिस्ट_नाना | ४ जून, रात्री १०:१५

डॉलर काका, हात जोडतो, असलं काही करू नका. हात दाखवून अवलक्षण.

अ‍ॅडरॉल म्हणजे अ‍ॅम्फेटामिन. भारतात ते दुकानात विकायला नाही आणि १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्याखाली येतं. दुसऱ्याच्या नावाची बाटली बॅगेत सापडली तर कस्टमवाल्यांना "शेजारधर्म" समजावत बसावं लागेल. शिवाय मिथाइलफेनिडेट आणि अ‍ॅम्फेटामिन ही दोन वेगळी औषधं आहेत, एकाच्या जागी दुसरं चालत नाही.

आता ताईंसाठी. मिथाइलफेनिडेट आपल्याकडे मिळतं, पण ते शेड्यूल एक्समध्ये आहे. म्हणजे :

डॉक्टरांनी चिठ्ठी दोन प्रतींत द्यायची. एक प्रत दुकानदार ठेवून घेतो आणि २ वर्षं जपतो. त्या दुकानाकडे शेड्यूल एक्सचा वेगळा परवाना लागतो, माल कुलपात. म्हणून गल्लीतल्या दुकानात "नाही" म्हणतात. ते खोटं बोलत नसतात, त्यांना ठेवताच येत नाही. मोठ्या हॉस्पिटलच्या आवारातलं दुकान आधी बघा. चिठ्ठीवर पेशंटचं पूर्ण नाव, पत्ता, तारीख, किती गोळ्या, सगळं स्वच्छ अक्षरात असू द्या. पुन्हा घ्यायचं असेल तर तसा स्पष्ट उल्लेख हवा, नाहीतर एका चिठ्ठीवर एकदाच. गोळ्या संपायच्या आदल्या दिवशी धावाधाव करू नका, आठवडाभर आधी फोन करून माल आहे का विचारा.

आणि ऑनलाइन कुणी "चिठ्ठीशिवाय घरपोच" म्हणत असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

डॉलर_काका | ४ जून, रात्री १०:२८

बरं बाबा, नाही आणत. चॉकलेटं चालतील ना?

वनराई | ५ जून, सकाळी ६:४०

ह्या सगळ्या केमिकलच्या मागे लागण्यापेक्षा कवचबीज चूर्ण दुधातून द्या. कंपवातावर रामबाण आहे, माझ्या सासऱ्यांना गुण आला. मज्जासंस्थेला बळ देतं. साइड इफेक्ट शून्य.

केमिस्ट_नाना | ५ जून, सकाळी ८:०२

वनराई, तुमच्या सासऱ्यांना पार्किन्सन होता का? मग गुण आला असेल, कारण कवचबीजात, म्हणजे आपल्या खाजकुहिलीच्या बियांत, लेव्होडोपा असतं. पार्किन्सनमध्ये डोपामिन कमी पडतं म्हणून तेच औषध देतात. हंटिंग्टनच्या हालचालींत नेमकं उलटं, तिथे लेव्होडोपाने हातपाय जास्त उडू शकतात. वर निशिगंध डॉक्टर ज्या कारणासाठी उत्तेजकाला घाबरून आहेत, त्याच कारणासाठी कवचबीजालाही घाबरा. "केमिकल" त्यातही आहेच.

वनराई | ५ जून, सकाळी ८:३०

पार्किन्सनच होता. हंटिंग्टन वेगळं हे माहीत नव्हतं. तरी ब्राह्मी, अश्वगंधा द्यायला काय हरकत?

डॉ_निशिगंध | ५ जून, सकाळी ९:११

डॉक्टरांना दाखवल्याशिवाय काहीच नको, इतकंच म्हणेन. आयुर्वेदाशी माझं भांडण नाही, लपवाछपवीशी आहे. पेशंट निम्म्या गोष्टी सांगतच नाहीत.

अभ्यासू_कावळा | ५ जून, दुपारी १२:४५

थोडं वाचलेलं सांगतो, कारण "उत्तेजकं हंटिंग्टनमध्ये चालतात" आणि "चालत नाहीत" अशी दोन्ही ठाम विधानं नेटवर सापडतील.

मिथाइलफेनिडेटचा ह्या निरिच्छपणावरचा सर्वांत भक्कम पुरावा अल्झायमरचा आहे. २०० पेशंट, रोज २० मिग्रॅ, सहा महिने. निकाल २०२१ मध्ये आला. फायदा होता, पण लहान. म्हणजे आकडेवारीत दिसतो, घरच्यांना दिसेलच असं नाही. हंटिंग्टनमध्ये ह्या औषधाची अशी मोठी चाचणी नाही. डॉक्टर देतात ते अल्झायमरवरून अंदाज बांधून आणि एकेकट्या पेशंटच्या अनुभवावर.

जवळच्या औषधांचं बघा. अ‍ॅटोमॉक्सेटिन (हे एडीएचडीचंच, पण उत्तेजक नाही) २००९ मध्ये हंटिंग्टनच्या सुरुवातीच्या २० पेशंटना देऊन पाहिलं. लक्ष, विचार यांत फरक नाही. नाडी आणि रक्तदाब मात्र वाढले. मोडाफिनिलचा (झोप उडवणारं औषध) एकेक डोस देऊन पाहिला, तर पेशंट जास्त जागे झाले पण स्मरणाच्या काही चाचण्यांत उलट मागे पडले. जागं असणं आणि डोकं चालणं ह्या वेगळ्या गोष्टी निघाल्या.

सर्वांत मजेशीर ब्युप्रोपियॉनची (उदासीवरचं औषध) चाचणी. जर्मनीत झाली, खास हंटिंग्टनमधल्या ह्याच लक्षणासाठी. औषध आणि खोटी गोळी यांत फरक शून्य. पण दोन्ही गटांत पेशंट सुधारले. ठरलेल्या दिवशी बाहेर पडणं, कुणीतरी तासभर आपल्याशी बोलणं, प्रश्न विचारणं, बहुधा ह्यानेच.

ह्यातून काय घ्यायचं ते घ्या. मी घेतलं ते असं की गोळीबरोबर दिवसाला आखणी दिली नाही तर गोळी वाया.

टवाळ_तात्या | ५ जून, दुपारी १:०३

म्हणजे आमच्या आजोबांचं "रोज कट्ट्यावर जात जा" हे सायंटिफिक होतं तर.

नीलाक्षी | ५ जून, दुपारी ३:३०

मी जरा कडू बोलणार आहे. मागवाली, तू लिहिलंस की ते रडत नाहीत, चिडत नाहीत, कंटाळा आला का विचारलं तर "नाही". म्हणजे त्यांना त्रास नाहीये. त्रास तुला होतोय, आणि तो खरा आहे, मी नाकारत नाही. पण मग ही गोळी कुणासाठी? ज्याला त्रास नाही त्याला हृदयाची धडधड वाढवणारं औषध द्यायचं, का तर तो बंद टीव्हीकडे बघतो हे आपल्याला बघवत नाही म्हणून?

सिएटलकर | ५ जून, रात्री ८:१०

नीलाक्षी, पटलं नाही. "मला त्रास नाही" हे वाक्यसुद्धा त्याच आजारातून येतं. हंटिंग्टनमध्ये आपल्यात काय बदललंय हे पेशंटला पुष्कळदा कळतच नाही. माझा भाऊ हातातून कप पडत असताना "माझे हात ठीक आहेत" म्हणतो. त्याच्या शब्दावर उपचार ठरवले तर काहीच करायला नको.

नीलाक्षी | ५ जून, रात्री ८:४४

आणि त्याच्या शब्दाला किंमतच नाही असं धरलं तर आपण काहीही करू शकतो. तेही नको.

मागवाली | ५ जून, रात्री ११:५५

नीलाक्षी, रागावले नाही. रागावले होते, दोन तास. मग भांडी घासताना विचार केला.

हो, थोडी माझ्यासाठी आहे ती गोळी. मी सकाळी साडेपाचला उठते, शिवणाची कामं घेते, ह्यांना भरवते कारण ठसका लागतो, सासूबाईंचं ऐकते. मुलगी बारावीला आहे. हे स्वतःहून उठून दात घासायला लागले तर माझी पंधरा मिनिटं वाचतील, आणि ती मला हवी आहेत. त्यात मला काही पाप वाटत नाही.

पण ह्यांनाही विचारलं आज. "गोळी घेऊ या का, जरा हुरूप येईल." बराच वेळ गप्प. मला वाटलं विसरले. मग म्हणाले, "दाढीला जाईन."

आमच्या कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये हे दर रविवारी जायचे, तिथे पेपर वाचत तास काढायचे. आता घरी मीच दाढी करते.

नीलाक्षी | ६ जून, सकाळी ७:२०

मग माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. द्या.

डॉ_निशिगंध | ६ जून, सकाळी ७:५८

सावकाश! आधी गोळ्यांची यादी. पण "सलूनला जाणं" हे उद्दिष्ट लिहून ठेवा. औषध चालू करताना असं एकच ठरवावं, म्हणजे नंतर "जरा बरं वाटतंय का, वाटतंय बहुतेक" असा घोळ होत नाही.

मांडवीकाठची | ६ जून, दुपारी ४:१५

म्हापशाहून लिहिते. आईला होतं, अकरा वर्षं केलं तिचं, गेल्या वर्षी गेली. औषधांतलं फारसं कळत नाही, पण सिएटलकरांनी वजनाचं लिहिलंय ते कुणी हलक्यात घेऊ नका.

ह्या आजारात माणूस बसल्याजागी झिजतो. काहींना दिवसाला ४००० कॅलरी लागतात, आपण किलोवर भाकऱ्या मोजत बसलो तरी पुरत नाही. आईला मी दर दोन तासांनी काहीतरी द्यायचे. नाचणीची पेज नारळाच्या दुधातली, वर तूप. केळ्याचं शिकरण सायीसकट. अंडं घोटून. पातळ पाणी घशात अडकायचं, सोलकढीने हमखास ठसका, पण तीच जरा दाट केली की जायची. शेंगदाणे, पोहे, फरसाण बंद. खाताना टीव्ही बंद, बोलणं बंद, हनुवटी थोडी खाली.

भूक मारणारं औषध देणार असाल तर आधी वजन करा आणि दर आठवड्याला त्याच काट्यावर करा. आणि गोळीच्या *आधी* भरपेट नाश्ता द्या, भूक जाईल ती नंतर जाईल.

मागवाली | ६ जून, रात्री १०:३०

मांडवीकाठची, हे कुणी सांगितलंच नव्हतं. पेज उद्यापासून.

खडूफळा | ७ जून, सायंकाळी ६:०५

विषय उत्तेजकांचा निघालाच आहे तर एक सांगते. मी प्राथमिक शाळेत शिकवते. एक मुलगा होता, तिसरीपर्यंत हुशार. चौथीत अक्षर बिघडलं, लक्ष उडालं, वर्गात उठून फिरायचा. आम्हीच पालकांना सांगितलं दाखवून घ्या. एडीएचडी म्हणून मिथाइलफेनिडेट सुरू झालं. फरक तर नाहीच, उलट पुढे चालणं ताठर झालं, फिट आली. तेव्हा कुठे आईने डॉक्टरांना सांगितलं की वडील "तसल्या" आजाराने अंथरुणावर आहेत. तोवर वडिलांना अपघात झालाय असं सगळ्यांना सांगितलेलं. मोठ्या नणंदेचं लग्न व्हायचं होतं म्हणून.

डॉ_निशिगंध | ७ जून, रात्री ९:००

खडूफळा, लहानपणी सुरू होणारा हंटिंग्टन असाच फसवतो. विशीच्या आत सुरू झाला तर रिपीट बहुधा ६० च्या वर असतात, आणि बहुतेक वेळा तो वडिलांकडून येतो, कारण पुढच्या पिढीत जाताना तिथे आकडा जास्त वाढतो. मोठ्यांसारखे हातपाय उडण्यापेक्षा ताठरपणा जास्त, फिट येऊ शकतात. सुरुवात मात्र शाळेत मागे पडण्याने.

हंटिंग्टनच कशाला, अ‍ॅड्रेनोल्युकोडिस्ट्रॉफी नावाचा आजार आहे, मुलग्यांना साधारण ४ ते १० वयात मेंदूत सुरू होतो, आणि कितीतरी मुलं आधी एडीएचडीच्या गोळ्या खाऊन येतात. तिथे तर वेळेला फार किंमत, कारण बोन मॅरो ट्रान्सप्लांटचा उपयोग अगदी सुरुवातीलाच होतो. म्हणून माझं एक ठरलेलं आहे. जे मूल आधी येणारं *विसरायला* लागलंय, अक्षर, चालणं, दिसणं, ऐकणं मागे जातंय, त्याला उत्तेजक लिहून मोकळं व्हायचं नाही. एडीएचडीचं मूल चुळबुळं असतं, पण शिकलेलं गमावत नाही.

(सगळ्या एडीएचडीवाल्या आयांनो, घाबरू नका. हे आजार फार दुर्मिळ आहेत आणि बहुतेक मुलांना ती गोळी चांगली लागू पडते.)

अर्धा_अर्धा | ८ जून, रात्री १:२०

बरेच दिवस नुसतं वाचत होतो. वय २४. बाबांना आहे. म्हणजे मला असण्याची शक्यता ५० टक्के. टेस्ट केलेली नाही.

माझा प्रश्न वेगळा आहे. मला ऑफिसात लक्ष लागत नाही, कामं अर्धी राहतात. मित्र मोडाफिनिल खातो, म्हणाला घे. घेतली तर आवडली. म्हणूनच घाबरलो. लक्ष न लागणं ही सुरुवात असेल का? आणि गोळीने मी ती झाकतोय का?

डॉ_निशिगंध | ८ जून, सकाळी ६:३०

अर्धा_अर्धा, रात्री एकला जागं राहून ऑफिसात लक्ष लागत नाही हे तर मला अपेक्षितच आहे. वडील आजारी, आपल्यालाही असेल का ही टांगती तलवार, झोप नाही. इतकं कुणाच्याही लक्षाला पुरेसं आहे.

मित्राची गोळी बंद. न्यूरॉलॉजिस्टना एकदा भेट. टेस्ट करायची की नाही हा सर्वस्वी तुझा निर्णय, घरच्यांचा नाही, होणाऱ्या सासरचा नाही. करायची ठरली तर आधी समुपदेशन झाल्याशिवाय रक्त देऊ नकोस. बेंगळुरूच्या निमहान्समध्ये हे रीतसर करतात. रिपीटचा आकडा ४० किंवा जास्त आला तर आजार होणार, ३६ ते ३९ मध्ये होईल किंवा होणारही नाही, २६ किंवा कमी आलं तर सुटलास. पण कागद हातात आल्यावर तो परत देता येत नाही. कितीतरी जण विचार करून "नको" म्हणतात आणि त्यात काही भित्रेपणा नाही.

अभ्यासू_कावळा | ८ जून, सकाळी १०:१२

पुरवणी. ह्या टेस्टची कहाणी व्हेनेझुएलातल्या माराकाइबो सरोवराकाठच्या गावांतून सुरू होते. तिथे हा आजार जगात सर्वांत दाट आहे. नॅन्सी वेक्स्लर नावाच्या बाई वर्षानुवर्षं तिथे जाऊन रक्ताचे नमुने गोळा करत होत्या. १९८३ मध्ये आजाराचं जनुक कुठे आहे त्याची खूण सापडली, १९९३ मध्ये प्रत्यक्ष जनुक. ह्या बाईंच्या आईला हंटिंग्टन होता. जिच्या कामावर टेस्ट उभी राहिली तिने स्वतः वर्षानुवर्षं ती केली नाही. पुढे २०२० मध्ये त्यांनी जाहीर केलं की आजार त्यांनाही आहे.

अर्धा_अर्धा | ८ जून, रात्री ९:४०

हे माहीत नव्हतं. थँक्स कावळेकाका. गोळ्या मित्राला परत दिल्या.

देखरेख_मंडळ | ९ जून, सकाळी ९:००

सदस्यांना विनंती : औषधांचे डोस एकमेकांना सुचवू नयेत, उरलेली औषधे देण्याघेण्याच्या गोष्टी करू नयेत. दोन प्रतिसाद उडवले आहेत. धागा उपयुक्त असल्याने चालू ठेवत आहोत.

मागवाली | २८ ऑगस्ट, रात्री १०:४५

मंडळी, अपडेट द्यायचं राहूनच गेलं होतं. विपूतून (विचारपुशीत) विचारणाऱ्या सगळ्यांना एकदम सांगते.

यादी घेऊन गेले. न्यूरोवाल्या डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. एकाने एक लिहिलं, दुसऱ्याने दुसरं, दोघांनी एकमेकांचा कागद बघितला नव्हता. पॅरॉक्सेटिन हळूहळू कमी करून दुसरी गोळी सुरू केली, टेट्राबेनाझिन उतरवलं, क्लोनाझेपाम बंद. हात थोडे जास्त उडायला लागले. पण जुलैच्या मध्यावर एक दिवस हे म्हणाले, "पंखा कमी कर." स्वतःहून! मुलगी अभ्यास सोडून बाहेर आली.

त्यानंतरच मिथाइलफेनिडेट. आधी ईसीजी, रक्तदाब, वजन. ५ मिग्रॅ, सकाळी नाश्त्यानंतर. दुपारनंतर अजिबात नाही, नाहीतर रात्री झोप नाही. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून दर रविवारी हात पुढे करून बसलेला त्यांचा एक मिनिटाचा व्हिडिओ काढते. मागचा आणि आजचा शेजारीशेजारी लावला की हालचाल वाढली की नाही ते कळतं, आपल्या नजरेला रोजच्या रोज कळत नाही.

फरक? सकाळी दहा ते एकच्या दरम्यान माणूस घरात असल्यासारखा वाटतो. ब्रश अजून मीच देते. गोळीचा डोस वाढवून बघितला तर वजन दोन किलो उतरलं आणि सासूबाईंवर खेकसले (सासूबाई म्हणाल्या, "बरं झालाय तो"). म्हणून परत ५ वर आणलं. पेज, शिकरण, तूप चालूच. वजन आता स्थिर आहे.

सलूनला गेले. मी दारापर्यंत गेले, आत नाही. न्हाव्याला आधी सांगून ठेवलं होतं, वस्तरा नको, मशीन वापर.

नीलाक्षी | २८ ऑगस्ट, रात्री ११:०२

मशीन! हे सुचलं कसं तुला.

सिएटलकर | २९ ऑगस्ट, सकाळी ८:१५

व्हिडिओची कल्पना वहिनीला पाठवली. आणि गोळ्यांची यादी पण. तिथेही टेट्राबेनाझिनबरोबर फ्लुऑक्सेटिन निघालं.

डॉ_निशिगंध | २९ ऑगस्ट, सकाळी ८:४०

सिएटलकर, आजच फोन करायला सांगा त्यांच्या डॉक्टरांना.

मागवाली, छान. पण हे कायमचं समजू नका. आजार पुढे सरकेल तसा गोळीचा उपयोग कमी होईल, तेव्हा ती सोडायची. दर तीन महिन्यांनी "अजून हवी का" हे विचारायचं. आणि स्वतःची पंधरा मिनिटं?

मागवाली | २९ ऑगस्ट, दुपारी २:२०

त्यात हा धागा लिहिला की.

केमिस्ट_नाना | २९ ऑगस्ट, दुपारी ३:००

चिठ्ठीची मुदत बघून ठेवा ताई. पुढे गणपतीची सुट्टी आहे, डॉक्टर आणि दुकान दोन्ही बंद असतील.

टवाळ_तात्या | २९ ऑगस्ट, दुपारी ३:१४

आणि मोदक चालतात का हो ह्या आजारात? ठसका लागत असेल तर माझ्याकडे पाठवा.

मांडवीकाठची | २९ ऑगस्ट, दुपारी ४:४०

तळणीचे नको, कडक असतात. उकडीचे चालतात. छोटा घास करून, सारणात खोबरं बारीक वाटून घ्यायचं आणि वर तूप सढळ हाताने.